भूमिपूजनानंतरचे वर्ष

११ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीचे भूमिपूजन झाले. महाविद्यालय मात्र २०१६ पासूनच सुरू होते. केटीएस सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय यांच्या आधाराने ते चालले होते. साडेचार वर्षांचे एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप असा हिशेब मांडला, तर पहिल्या तुकडीतली मुले डॉक्टर होऊन बाहेर पडली तेव्हा महाविद्यालयाच्या स्वतःच्या इमारतीची पहिली कुदळही पडलेली नव्हती. भूमिपूजनानंतर पाच आठवड्यांत लोकसभेची आचारसंहिता लागली आणि १९ एप्रिलला भंडारा-गोंदियात मतदान झाले.

यात कुणा एका पक्षाला धरायला जावे, तर हाती काही लागत नाही. २०१६ ते २०२४ या काळात फडणवीस, ठाकरे आणि शिंदे असे तीन मुख्यमंत्री झाले. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांपैकी प्रत्येकजण कधी ना कधी सत्तेत होता. इमारत कुणालाच नको नव्हती. पण तिच्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात, आणि त्याच्याही पुढच्या अंदाजपत्रकात पैसा राहील याची काळजी वाहणारे कुणी नव्हते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची तक्रार साधारणपणे ‘आमच्याकडे निधी येत नाही’ अशी मांडली जाते. ती अर्धीच खरी आहे. निधी येतो, मंजुरी येते, नेते येतात आणि कोनशिलाही बसते. रखडते ते दुसरे वर्ष, तिसरे वर्ष आणि सातवे वर्ष.

मंदीत किंवा दुष्काळात सरकारने हात सैल सोडावा, रस्ते, धरणे, रेल्वे यांवर खर्च करावा, म्हणजे मजुराच्या हातात पैसा जातो, तो बाजारात फिरतो आणि मागे एक उपयोगाची वस्तू उरते, हा विचार महाराष्ट्राला परदेशातून शिकावा लागला नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७७मध्ये योजनेचा कायदा झाला आणि २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला तिथूनच वाट मिळाली. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर लावला गेला. नोकरदाराच्या पगारपत्रकातून आजही दरमहा जे २०० रुपये कापले जातात, ते त्याच कराचे. पुण्या-मुंबईच्या पगारदारांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर भरावा, हे त्या वेळी विधिमंडळाने मान्य केले होते. आज असा ठराव मांडून तर पाहावा!

रोहयोचे बळ तिच्या साधेपणात होते. काम गावाजवळ, हत्यार म्हणजे कुदळ आणि घमेले, मंजुरी जिल्ह्यातच. पैसा लवकर खर्ची पडायचा तर काम आधीच कागदावर तयार असावे लागते, हे त्या योजनेने जाणले होते. अमेरिकेला ते २००९मध्ये कळले. बराक ओबामा यांनी ७८७ अब्ज डॉलरचे पॅकेज आणताना टिकाव मारला की सुरू होतील अशा कामांचा मोठा गवगवा केला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी जाहीरपणे मान्य केले की अशी तयार कामे प्रत्यक्षात नसतातच. परवाने, निविदा आणि जमिनी यांत महिने जातात.

भारतात हाच पेच कोविडनंतर आला. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. पहिल्या वर्षी त्यासाठी १२,००० कोटी होते. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात तरतूद दीड लाख कोटींवर गेली. केंद्राचा स्वतःचा भांडवली खर्च २०१९-२०मध्ये सुमारे ३.३६ लाख कोटी होता, तो २०२५-२६च्या अंदाजपत्रकात ११.२१ लाख कोटींवर नेला गेला. एवढा पैसा वेळेत संपवायचा म्हटले की तो तयार फाइलीकडे धावतो. तयार फाइल म्हणजे बहुतेक वेळा रस्ता, तोही जिथे जमीन मोकळी आहे तिथला. गोंदियाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. इथला कालवा असो की पूल, फाइल १९८०च्या वनसंवर्धन कायद्याच्या दारातून जाते आणि जायलाच हवी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या उंबरठ्यावर राहून वेगळी अपेक्षा ठेवता येणार नाही. मात्र त्या दाराशी फाइल दोन-दोन दशके पडून राहावी, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. वनखात्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यायला माणूस नाही, पर्यायी जमिनीचा प्रस्ताव अर्धवट, अशा कारणांनी ती पडून राहते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातली झाशीनगर उपसा सिंचन योजना १९९०च्या दशकात मंजूर झाली. इटियाडोह धरणाचे पाणी उचलून वरच्या गावांच्या बांध्यांपर्यंत न्यायचे, एवढाच तिचा हेतू. दोन दशके उलटली तरी पाणी बांधीत पोचले नव्हते. दरम्यान किती पुढाऱ्यांनी तिची पाहणी केली, याची मोजदाद गावकऱ्यांनीही सोडून दिली असेल.

सिंचनातल्या दिरंगाईचा मोठा दाखला शेजारच्या भंडाऱ्यात आहे. गोंदिया भंडाऱ्याचाच भाग होते, तेव्हा २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. मूळ किंमत ३७२ कोटी, उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर. २००९मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१६मध्ये केंद्राने मान्य केलेली सुधारित किंमत होती १८,४९४ कोटी. धरण उभे राहिले, गावे उठली, कालवे मात्र रेंगाळत राहिले. राज्यभरात हेच चालले होते. दशकभरात सुमारे ७०,००० कोटी खर्चूनही सिंचनाची टक्केवारी नाममात्र वाढल्याचे आकडे आर्थिक पाहणीतून पुढे आले, त्यावरून गदारोळ झाला, सप्टेंबर २०१२मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला आणि त्याच वर्षी श्वेतपत्रिका निघाली. त्या वादात भ्रष्टाचारावर खूप बोलले गेले. एक साधी गोष्ट तेवढी बोलली गेली नाही: एकाच वेळी हाती घेतलेली कामे इतकी झाली होती की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पैसा येत होता. दहा कामे पुरी करण्याऐवजी शंभर कामे सुरू ठेवली, की शंभर मतदारसंघांत ‘काम चालू आहे’ असे सांगता येते.

तिरोड्यात या दिरंगाईच्या बाजूलाच दुसरे चित्र दिसते. तिथल्या अदानी औष्णिक प्रकल्पाचे ६६० मेगावॅटचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात एकापाठोपाठ सुरू झाले. क्षमता ३,३०० मेगावॅट, पाणी वैनगंगेचे. त्याच वैनगंगेवरच्या धापेवाडा उपसा सिंचन योजनेचे सगळे टप्पे पुरे होण्याची वाट शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून पाहत आहेत. खासगी ते चांगले आणि सरकारी ते वाईट, असा निष्कर्ष यातून काढण्याची घाई नको. खासगी कंपनीच्या डोक्यावर बँकेच्या व्याजाचे ओझे असते, उशिराचा प्रत्येक महिना तिच्या ताळेबंदात दिसतो. सरकारी कालव्याच्या उशिराचेही व्याज चढतेच, पण ते फेडतो पावसाच्या भरवशावर पऱ्हे टाकणारा धानवाला, आणि त्याचे बिल कुठल्याही कार्यालयात पोचत नाही.

मुंडीपारचे नाव न ऐकलेला माणूस या भागात विरळा. साकोलीजवळच्या या गावात २०१३मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे भेलच्या कारखान्याची कोनशिला बसली. केंद्रात अवजड उद्योग खाते तेव्हा याच मतदारसंघाचे खासदार प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते, त्यामुळे शब्दाला वजन होते. शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. वर्षभरात लोकसभा निवडणूक झाली, नाना पटोले निवडून आले, केंद्रातले सरकार बदलले. कारखान्यात उत्पादन कधी सुरू झालेच नाही. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत भेल प्रचारात येते: एक बाजू विचारते की तुम्ही आणले का नाही, दुसरी विचारते की तुम्ही पुरे का केले नाही. मतदाराने आपले काम चोख केले आहे. २०१४मध्ये पटोले, त्यांच्या राजीनाम्यानंतर २०१८च्या पोटनिवडणुकीत मधुकर कुकडे, २०१९मध्ये सुनील मेंढे, २०२४मध्ये प्रशांत पडोळे. दहा वर्षांत चार खासदार आणि तीन पक्ष पाहिलेल्या या मतदारसंघाला कुणी ‘गठ्ठा मतांचा’ म्हणू शकणार नाही. तरीही मुंडीपारच्या जमिनीवर उत्पादन निघाले नाही. माणूस बदलला की आधीच्या माणसाचे काम अनाथ होते, आणि खाते बदलले की फाइल.

बिरसी विमानतळाचे काय म्हणावे? ब्रिटिशांच्या काळातली ही धावपट्टी पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री असताना मोठी झाली, वैमानिक प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था आली. प्रवासी विमान यायला मार्च २०२२ उजाडला. फ्लायबिगची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा काही महिन्यांतच बंद पडली. १ डिसेंबर २०२३पासून इंडिगोने हैदराबाद-तिरुपतीसाठी सेवा सुरू केली. विमानाची चेष्टा करणे सोपे आहे, पण आजारी माणसाला हैदराबादला नेणाऱ्या कुटुंबाला ते विमान चैनीचे वाटत नसेल. आक्षेप वेगळा आहे. धावपट्टीसाठी बिरसीच्या ज्या कुटुंबांची घरे-शेते गेली, त्यांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. धावपट्टीचा खर्च हा विकास आणि पुनर्वसनाचा खर्च ही कटकट, असे कुठल्याही शासननिर्णयात नाही, वागणुकीत आहे.

एक काम मात्र पुरे झाले, आणि ते का झाले हे पाहण्यासारखे आहे. गोंदिया-जबलपूर या छोट्या गाडीच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९९६-९७मध्ये मंजूर झाले. गोंदिया ते बालाघाट टप्पा २००६च्या सुमारास सुरू झाला, त्यापुढे सातपुड्याचे जंगल आणि नक्षलवाद यांनी अडवले, आणि पूर्ण मार्ग जोडला गेला तो २०२०-२१मध्ये. पंचवीस वर्षे म्हणजे काही अभिमानाची गोष्ट नाही. पण दरम्यान कितीतरी रेल्वेमंत्री झाले, तरी काम अनाथ झाले नाही. रेल्वेच्या ‘पिंक बुक’मध्ये प्रत्येक कामाची ओळ दरवर्षी छापली जात होती: मंजुरीचे वर्ष, एकूण किंमत, आतापर्यंतचा खर्च, यंदाची तरतूद. तरतूद नगण्य असली तरी ती नगण्य आहे हे दिसत होते, त्यावर खासदार भांडू शकत होते. उत्तरेतून दक्षिणेत जाणाऱ्या गाड्यांचे अंतर या मार्गाने अडीचशे किलोमीटरहून जास्त वाचते. त्याचा परिणाम म्हणून एप्रिल २०२५मध्ये गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटरच्या दुपदरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि ऑक्टोबरमध्ये गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गिकेलाही. एक काम पुरे झाले की पुढचे काम मागायला तोंड राहते.

आता तलावांकडे. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या कारागिरांनी उतार, ओढा आणि डोंगराची सोंड पाहून पाळी बांधल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने सांगितला जातो. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा खालच्या बोडीत, अशी साखळी. उन्हाळ्यात गाळ काढून बांधीत टाकायचा, पाळीवरची झाडे राखायची, पाटाचे पाणी कुणाला कधी हे गावाने ठरवायचे. मालगुजारी १९५१मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत, एकट्या गोंदियात चौदाशेच्या वर. बहुतेकांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आहे. गावाची मालकी गेली तशी गावाची निगाही गेली. गाळ साचला, पोटात अतिक्रमणे झाली, बेशरमाची झुडपे माजली, पाट बुजले. राज्यात इतरत्र जवळजवळ दिसत नसलेला सारस पक्षी या तलावांच्या आणि धानाच्या आधाराने इथे कसाबसा टिकून आहे.

रोजगाराचा पैसा जिरवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. जमीन घ्यायची नाही, गाव उठवायचे नाही. मोठा खर्च मजुरीचा, तोही धानाची कामे आटोपल्यावर हाताला काम नसते अशा महिन्यांत. फायदा शेतकऱ्याला, तसाच तलावात मासे धरणाऱ्या ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर महिलांबरोबर बेशरम उपटून, तलावाची जमीन नांगरून, देशी पाणवनस्पती लावून दाखवल्या आहेत. अशा तलावात देशी मासे परत येतात. त्यासाठी लागला तो माहितगार माणसांचा वेळ. पैसा तुलनेने किरकोळ.

सरकारने तलावांसाठी काहीच केले नाही असे नाही. दुरुस्तीच्या योजना आल्या, २०१७मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आली, जलयुक्त शिवार तर डिसेंबर २०१४पासूनच होती. पण जलयुक्तवर ९,६०० कोटींहून अधिक खर्चूनही भूजल आणि पाण्याची गरज यांवर फारसा परिणाम दिसला नाही, असा शेरा महालेखापरीक्षकांनी २०२०मध्ये मारला. जेसीबीने करायला आणि मोजायला सोपे जाते ते खोलीकरण. पाट मोकळा करणे, तुटलेले दार बसवणे, अतिक्रमण हटवणे, पाणीवाटपाची गावसभा घेणे यांचे घनमीटर निघत नाहीत. आणि दुरुस्तीचे भूमिपूजन तरी कसे करणार? पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत रात्रीच्या नाटकाचे उद्घाटनही पुढारीच करतात, तिथे कोनशिलेशिवाय होणाऱ्या कामात कुणाला रस असावा?

जिल्ह्यातल्या या कामांवर देखरेख कुणाची? जिल्हा नियोजन समितीची, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री. २०२० ते २०२५ या काळात गोंदियाला अनिल देशमुख, नवाब मलिक, प्राजक्त तनपुरे, सुधीर मुनगंटीवार, धर्मरावबाबा आत्राम, बाबासाहेब पाटील आणि इंद्रनील नाईक असे पालकमंत्री मिळाले. सातांपैकी एकाचाही मतदारसंघ या जिल्ह्यात नाही. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला येऊन पुढची आश्वासने द्यायची आणि मागचा आढावा पुढच्या पालकमंत्र्यावर सोपवायचा, याला पाहुणचार म्हणता येईल, पालकत्व नव्हे.

राज्याची तिजोरीही आता सैल राहिलेली नाही. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती आणि एकट्या लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले गेले. २०२४च्या विधानसभा प्रचारात १,५०० रुपयांचे २,१०० करण्याचा शब्द दिला होता. त्या अर्थसंकल्पात तो आला नाही. दुसरीकडे राज्यभरातली आपली सुमारे ८९,००० कोटींची देयके थकल्याचे सांगत कंत्राटदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. बहिणींच्या खात्यातला पैसा वाया जातो असे मुळीच नाही. गोंदियाच्या बाजारात तो लगेच फिरतो, आणि मंदीवरचा उतारा म्हणून रस्त्यापेक्षा वेगाने चालतो. पण बिल थकलेला कंत्राटदार पहिल्यांदा मजूर कमी करतो, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. अशा वेळी नवी मंजुरी जाहीर करणे ही सर्वांत स्वस्त गोष्ट असते. समृद्धी महामार्गाच्या विस्तारातला नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गही याच तिजोरीकडे डोळे लावून आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे मागणी एकच असावी, आणि ती पुरी करायला कोट्यवधी लागत नाहीत. दरवर्षी १ मे रोजी, जिल्ह्याच्या वाढदिवशी, जिल्ह्यातल्या प्रत्येक अपूर्ण कामाची यादी रेल्वेच्या पिंक बुकसारखी छापावी आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. काम कधी मंजूर झाले, तेव्हाची किंमत काय, आजची काय, यंदा किती मिळाले, बिल किती थकले, फाइल कुठल्या टेबलावर आहे, एवढेच तिच्यात हवे. आधीची पुरी होत नाहीत तोवर त्या खात्याचे नवे भूमिपूजन नको.

गोंदिया जिल्हा परिषदेची मुदत २०२७मध्ये संपते, आणि बहुतेक मामा तलाव तिच्याच ताब्यात आहेत. मत मागायला दारी आलेल्या उमेदवाराला नवे काय आणणार हे विचारू नका. गावच्या तलावाचे दार कुठल्या साली तुटले आणि दुरुस्तीची फाइल सध्या कुणाकडे आहे, एवढे विचारा. उत्तर येत नसेल, तर मत देण्याआधी थांबून विचार करा.